सिंगापूर ते न्यूयॉर्क : अंतराचा आणि तासांचा हिशेब

वडिलांना घेऊन सिंगापूरहून न्यूयॉर्कला जायचे ठरले, तेव्हा तिकीट काढण्याआधी मला तासांचा हिशेब करावा लागला. त्यांचे एक औषध दर आठ तासांनी घ्यायचे असते आणि डॉक्टरांनी बजावले होते की, प्रवासात स्थानिक घड्याळाकडे पाहू नका, मागच्या गोळीला किती तास झाले तेवढेच मोजा. त्यासाठी एका दारातून निघाल्यापासून दुसऱ्या दारात पोहोचेपर्यंत खरोखर किती तास जाणार, हे कळणे गरजेचे होते. शोधायला बसलो, तर एकाच प्रवासाला कोणी सतरा तास सांगत होते, कोणी पावणेएकोणीस, तर कोणी साडेएकोणीसच्याही पुढे. अंतराच्या बाबतीतही ९,५३७, ८,२८८ आणि १५,३४९ असे तीन आकडे समोर आले. गंमत अशी की यांपैकी एकही आकडा खोटा नव्हता. प्रत्येक आकडा निराळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होता, आणि तो प्रश्न कोणता हे मात्र कोणी लिहिलेले नव्हते.

अंतराचा गुंता आधी सुटला, कारण तो निव्वळ एककांचा होता. ९,५३७ हे साधे मैल, ८,२८८ हे सागरी मैल आणि १५,३४९ हे किलोमीटर असून तिन्हींची लांबी एकच आहे. सागरी मैल १,८५२ मीटरांचा असतो आणि विमानवाहतुकीत आजही तोच वापरतात. नुसते ‘मैल’ लिहिले असेल तर कोणता मैल ते आधी पाहावे, नाहीतर हजारांत फरक पडतो.

तरीही आयता आकडा घेण्यापेक्षा तो स्वतः काढून पाहावा असे वाटले. सिंगापूरचा चांगी विमानतळ १.३६ अंश उत्तर अक्षांशावर आणि १०३.९९ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ ४०.६४ अंश उत्तर आणि ७३.७८ अंश पश्चिम या ठिकाणी आहे. गोलावरच्या दोन बिंदूंतील अंतराचे सूत्र दिसते तितके भीतीदायक नाही. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा, दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणून त्यात मिळवायचा, आणि आलेला आकडा ज्या कोनाचा कोसाइन असेल तो कोन शोधायचा. माझे उत्तर उणे ०.७४२६ आले, म्हणजे कोन जवळपास १३८ अंशांचा. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर पूर्ण परिघ ४०,०३० किलोमीटर होतो आणि त्यातला या कोनाच्या वाट्याचा भाग भरतो सुमारे १५,३४०. जगातली कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून जास्तीत जास्त अर्ध्या परिघाइतकी, म्हणजे वीस हजार किलोमीटरांच्या आसपास, दूर असू शकतात. हा प्रवास त्याच्या तीन चतुर्थांशांहून थोडा अधिक आहे.

माझ्या १५,३४० मध्ये आणि छापील १५,३४९ मध्ये उरलेले नऊ किलोमीटर पृथ्वीच्या आकारामुळे पडतात. ती नीट गोल नाही; विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवाकडे ६,३५७. हे चपटेपण धरून गणित केले की छापील आकडा मिळतो. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र हा फरक किरकोळच, कारण चांगीपासून सिंगापूरच्या मध्यवस्तीपर्यंत आणि केनेडी विमानतळापासून मॅनहॅटनपर्यंतचे रस्ते याहून लांब आहेत. केनेडीऐवजी न्यूयॉर्कजवळच्याच नेवार्क विमानतळावर उतरलो तरी हवाई अंतर पाच-सात किलोमीटरांनीच बदलते. उतरल्यावरचा रस्ता आणि त्यावरची रहदारी मात्र पूर्ण बदलते.

आता हे १५,३४९ किलोमीटर नेमके कुठून जातात, हा प्रश्न मला सगळ्यात रंजक वाटला. भिंतीवरचा सपाट नकाशा पाहिला तर सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारी सरळ रेघ पश्चिमेकडे जाते : भारताच्या दक्षिण टोकाजवळून, येमेनच्या बाजूने, सहाराच्या वाळवंटावरून आणि मग अटलांटिक ओलांडून. तो नकाशा बहुधा मर्केटर या नकाशाकाराच्या १५६९ सालच्या पद्धतीचा असतो. जहाजाचे तोंड एकाच दिशेला ठेवून जाता यावे, या सोयीसाठी ती पद्धत निघाली. त्यावरची सरळ रेघ म्हणजे न बदलणारी दिशा, सर्वांत कमी अंतर नव्हे. त्या रेघेची लांबी मी काढली, ती सुमारे १८,५०० किलोमीटर भरली, म्हणजे तीन हजारांहून अधिक किलोमीटरांचा भुर्दंड.

मग टेबलावरचा पृथ्वीगोल घेतला आणि दोन्ही शहरांवर बोटे ठेवून मध्ये दोरा ताणला. दोरा पश्चिमेलाही गेला नाही आणि पूर्वेलाही नाही. तो थेट उत्तरेला चढला. थायलंड, लाओस, चीन, मंगोलिया आणि सैबेरिया ओलांडून तो उत्तर ध्रुवापासून अवघ्या २८० किलोमीटरांवरून पलीकडे उतरला आणि ग्रीनलंडच्या वायव्य कडेवरून, बॅफिन बेट आणि क्वेबेकवरून न्यूयॉर्कला आला. याचे कारण रेखांशांत आहे. दोन्ही शहरांच्या रेखांशांतील फरक १७७.७७ अंश, म्हणजे जवळजवळ १८० अंश आहे. ती पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध अंगांना असल्यामुळे त्यांच्यामधली जवळची वाट माथ्यावरूनच जाते. वडिलांना दोरा दाखवला, तर ते म्हणाले, “म्हणजे आपण उत्तर ध्रुव पाहणार?” तेव्हा मी हो म्हणण्याचे टाळले, आणि ते बरे झाले.

अंतर हाती आल्यावर वेगाने भागायचे. या मार्गावर एअरबस ए३५० जातीचे विमान जाते आणि त्याचा उंचीवरचा नेहमीचा वेग ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट असतो. ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५६ अंशांच्या आसपास तापमान असते, तिथे तो ताशी सुमारे १,०६० किलोमीटर भरतो. म्हणजे विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरांच्या जरा वर. १५,३४९ ला त्याने भागले की बरोबर सतरा तास येतात, आणि ‘सतरा तास’ सांगणाऱ्यांचे उत्तर इथून आलेले असते. साडेएकोणीसचेही मूळ सापडले. दोन शहरांतील अंतर आणि वेळ सांगणारी अनेक गणकयंत्रे सगळ्याच प्रवासांना ताशी ५०० मैलांचा सरासरी वेग लावतात आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर मिळवतात. ९,५३७ मैलांना हा नियम लावला की १९ तास ३४ मिनिटे येतात. तीन-चार तासांच्या प्रवासाला हा ठोकताळा बरा चालतो. इतक्या लांबच्या प्रवासाला तो लावणे मला तरी पटत नाही, कारण इथे वेळ ठरवणारी खरी गोष्ट या गणितात कुठेच नाही.

ती गोष्ट म्हणजे वारा. विमानाचा ताशी ९०० किलोमीटरांचा वेग हा आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत असतो आणि ती हवा स्वतःच वाहत असते. उष्ण कटिबंध आणि ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानांतील तफावत आणि पृथ्वीचे फिरणे यांमुळे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद, जोरकस पट्टे तयार होतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोरकस होतात आणि जपानच्या आसपास त्यांचा जोर विशेष असतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण निष्कर्ष एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत प्रसिद्ध केल्यामुळे बाहेरच्या जगात त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. या वाऱ्यांची ताकद किती, याचे ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२० मधले आहे. न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ विमान वादळी वाऱ्यांच्या पाठबळावर ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले होते, एरवी त्या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. त्या दिवशी अंतर एका मीटरनेही कमी झाले नव्हते.

म्हणूनच ध्रुवावरून जाणारा दोरा सोडून विमान पूर्वेकडे, प्रशांत महासागरावरून वळसा घेते. या वळशाची किंमत मी ढोबळमानाने काढली. सिंगापूर ते टोकियो सुमारे ५,३५० किलोमीटर आणि टोकियो ते न्यूयॉर्क सुमारे १०,८५०, म्हणजे एकूण १६,२००. सरळ वाटेपेक्षा साडेआठशे किलोमीटर जास्त. वारा नसता तर याला सुमारे अठरा तास लागले असते. पण पूर्ण वाटेवर सरासरी ताशी ५० किलोमीटरांचा वारा जरी पाठीशी मिळाला, तरी हा लांबचा रस्ता सतरा तासांतच संपतो. वारा त्याहून जोराचा असेल तर लांबचा रस्ता लवकर पोहोचवतो. हे गणित सुटल्यावर ‘दोन शहरांतील अंतर’ या आकड्याकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो.

ध्रुवीय वाट टाळण्याला इतरही कारणे आहेत. सैबेरियावरून जायचे तर रशियाचे आकाश लागते. २०२२ पासून ते अनेक देशांच्या विमान कंपन्यांना बंद आहे आणि इतर काही कंपन्या स्वतःहून ते टाळतात. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्र भरवशाचे राहत नाही. विषुववृत्तावर स्थिर असलेले दळणवळणाचे उपग्रह क्षितिजाखाली जातात, त्यामुळे दूर पल्ल्याच्या रेडिओवर विसंबावे लागते आणि सौर वादळात नेमका तोच बिघडतो. शिवाय जेट ए-१ हे इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागते, म्हणून तिथे टाक्यांमधल्या इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवावे लागते. इतर काही मार्गांवर विमाने ध्रुवीय प्रदेशातून नियमित जातात, तेव्हा यातले काहीच अशक्य नाही; फक्त हिशेबात धरावे लागते.

उरला तो ‘पावणेएकोणीस’. हा आकडा वेळापत्रकातला आहे आणि त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान जागेवरून मागे सरकते तिथे हे घड्याळ सुरू होते आणि उतरून, धावपट्टी सोडून, आपल्या जागी उभे राहते तिथे थांबते. म्हणजे धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल, उड्डाणाच्या रांगेतली प्रतीक्षा, चढण्या-उतरण्यातला कमी वेग, हवाई मार्गांतली वळणे, आणि एखाद्या दिवशी वारा कमी मिळाला तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली थोडी शिल्लक, हे सगळे त्यात येते. औषधासाठी मला याच आकड्याचा उपयोग होता. त्यात दोन्ही बाजूंचे रस्ते, विमानतळावर आधी पोहोचण्याचे तास आणि उतरल्यावरची इमिग्रेशनची रांग मिळवली, तेव्हा दारापासून दारापर्यंतचा प्रवास पूर्ण दिवसाच्या पलीकडे गेला.

वेळापत्रक वाचताना आणखी एक कसरत करावी लागते. पहाटे दीडच्या सुमारास निघून त्याच तारखेला सकाळी साडेसातच्या आसपास न्यूयॉर्क, असे त्यात दिसते आणि प्रवास सहा तासांचा वाटतो. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असल्यामुळे त्यांची नुसती वजाबाकी चालत नाही. मधला फरक त्यात मिळवावा लागतो. सिंगापूर जागतिक प्रमाणवेळेच्या आठ तास पुढे आहे. रेखांशाप्रमाणे त्याच्या वाट्याला सातच तास येतात, पण १ जानेवारी १९८२ पासून तिथे आठ तासांची वेळ चालते. न्यूयॉर्क हिवाळ्यात प्रमाणवेळेच्या पाच तास मागे असते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत चार तास. म्हणून दोन्ही शहरांतला फरक हिवाळ्यात तेरा तासांचा आणि उन्हाळ्यात बरोबर बारा तासांचा असतो. उन्हाळ्यात घड्याळाचे काटे दोन्हीकडे एकाच जागी असतात, फक्त दिवसाची रात्र झालेली असते. आम्ही हिवाळ्यात जात होतो, तेव्हा सहामध्ये तेरा मिळवून एकोणीसच्या आसपास उत्तर आले आणि ते ब्लॉक टाइमशी जुळले. प्रशांत महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तारीख एक दिवस मागे जाते. तिचा हिशेब या तेरा तासांत आधीच आलेला असतो, तो पुन्हा करायचा नसतो.

औषधाचा तक्ता मी तारीख-वार न लिहिता शून्य तास, आठ तास, सोळा तास असा केला आणि एक मनगटी घड्याळ सिंगापूरच्याच वेळेवर ठेवून वडिलांच्या हाताला बांधले. विमानातल्या सेवकवर्गाने त्यावरून त्यांना दोनदा वेळ दुरुस्त करायला सुचवले. त्यांनी दोन्ही वेळा नकार दिला.

विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा असतो. झोप येत नसल्याने मी बराच वेळ तोच पाहत होतो. सुरुवातीला आम्ही तेहतीस हजार फुटांच्या आसपास रेंगाळलो, कारण इंधनाने भरलेले जड विमान लगेच फार वर चढू शकत नाही. या मार्गासाठी बनवलेल्या ए३५०-९०० यूएलआर या प्रकारात १,६५,००० लिटर इंधन मावते. ते जळत जाते तसे विमान हलके होते आणि पायरी-पायरीने वर जाते. तैवान मागे पडल्यावर भूपृष्ठाच्या तुलनेतला वेग ताशी हजाराच्या पुढे गेला आणि जपानच्या पूर्वेला अकराशेच्या आसपास पोहोचला, तरी हवेतला वेग नऊशेच्या जवळपासच होता. मधला फरक निव्वळ वाऱ्याचा.

त्याच पडद्यावर ‘मुक्कामापर्यंतचे अंतर’ हा एक रकाना होता, आणि त्याने मला सर्वांत जास्त वेळ गुंतवून ठेवले. वेग हजारावर असूनही तो आकडा तासाला हजाराने कमी होत नव्हता, आठ-नऊशेनेच उतरत होता. पडदा सरळ रेषेतले अंतर दाखवत होता आणि आम्ही न्यूयॉर्कच्या दिशेने नव्हे, जपानच्या दिशेने जात होतो. टोकियोच्या आसपास पोहोचेपर्यंत ५,३५० किलोमीटर उडून झालेले असतात, पण उरलेले अंतर साडेचार हजारांनीच घटते. पुढे उत्तर अमेरिकेचा किनारा आल्यावर दोन्ही आकड्यांचे सूत जमले. तिथे वारा मंदावला, काही काळ तर समोरून आला, आणि वेग नऊशेच्या खाली गेला. खिडकीतून ध्रुव दिसायचा प्रश्नच नव्हता. वडिलांनी तो विषय काढला नाही.

उतरलो तेव्हा वेळापत्रकाच्या मानाने अर्धा तास लवकर होतो. त्यातली बरीच मिनिटे विमानाला उभे राहायला जागा मिळेपर्यंत गेली, त्यामुळे कागदोपत्री आम्ही जेमतेम वेळेआधी पोहोचलो. सोळा तासांची गोळी हवेतच देऊन झाली होती आणि चोवीस तासांची मुक्कामाच्या खोलीत पोहोचल्यावर दिली.

परतीच्या प्रवासाला हाच रस्ता उलटा पकडला असता, तर जपानजवळचा तोच वारा तोंडावर आला असता. आमच्या विमानाने अटलांटिकची वाट घेतली आणि युरोपवरून ते सिंगापूरला आले. फ्रँकफर्टमार्गे मोजले तर ही वाट सुमारे १६,४५० किलोमीटरांची होते, म्हणजे जातानाच्या वाटेपेक्षाही लांब, पण वारा याही वेळी बऱ्याच भागात पाठीशीच होता. कोणत्या दिवशी कोणती वाट घ्यायची, हे उड्डाणाच्या काही तास आधी वाऱ्यांचा ताजा अंदाज आणि कोणते आकाश खुले आहे हे पाहून ठरते. कधी प्रशांत महासागराची, कधी ध्रुवाकडची वाटही निवडली जाते. आम्ही जातानाही पूर्वेकडे गेलो आणि परततानाही पूर्वेकडेच आलो, त्यामुळे दोन्ही प्रवास मिळून पृथ्वीला एक पूर्ण फेरा झाला. सोमवारी रात्री न्यूयॉर्क सोडले आणि बुधवारी सकाळी चांगीला उतरलो. मधला मंगळवार जवळजवळ सगळाच विमानात गेला, आणि गोळ्यांच्या तक्त्यावर वार लिहिलेला नसल्याने तो तक्ता जसाच्या तसा पुढे वापरता आला.